जास्तीची मेमरी

पाटोद्याच्या स्टँडमागे तो जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. मी प्रिंट काढायला जायचो, पण नाव कधी विचारलं नाही. जुन्या कॉम्प्युटरवर चालणारी एक फुकट ऑपरेटिंग सिस्टीम जगभरातले हौशी लोक मिळून बनवतात, त्यांत हाही होता. नवी सोय आली की तो ती आधी दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावर चालवायचा, टेबलावर बोटं वाजवत दोन-दोन तास बघत बसायचा आणि मगच बाकीच्यांना मेलवर ‘घ्या’ असं कळवायचा.

गावातल्या धर्मादाय दवाखान्यात लेकरांचे कान तपासायचं यंत्र याच सिस्टीमवर चालायचं. ते बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती.

एकदा ‘घ्या’ असं कळवून त्याने नवी सिस्टीम तिथेही टाकली. ती मध्येच अडकली आणि कान तपासायचा प्रोग्राम पुसला गेला. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

“माझ्या डब्यात मीच भंगारातली जास्तीची मेमरी बसवलती,” तो मला म्हणाला. “इसरूनच गेलतो. म्हनून माझ्याकडं चालली. दवाखान्याच्या डब्यात ती कुठून येनार?”

मी उगाच म्हणालो, “चूक कुणाचीही होते.”

“कुणाचीबी न्हाई,” तो उसळला. “माझी हाय.”

परवा एक बाई लेकीला घेऊन दुकानात आली. यंत्र कधी नीट होईल, एवढंच तिला विचारायचं होतं. मुलगी स्क्रीनकडे बघत उभी होती. तो उठून मुलीच्या मागे गेला आणि जोरात टाळी वाजवली.

दचकलो मी. मुलगी स्क्रीनकडेच बघत होती.

त्याने पुन्हा वाजवली.