गंध्यांच्या कॉम्प्युटरमधली टेकडी

केडगावात सुमंतराव गंधे कुणालाच आवडत नसत, असं म्हटलं तर जरा जास्त होईल. पण ते समोरून येताना दिसले की लोक गल्ली बदलत, एवढं मात्र खरं. उभी हयात जमीन मोजणीच्या कचेरीत कारकुनी केलेली. दुसऱ्याच्या नोंदीतली चूक काढायची, लाल खूण करायची आणि कागद परत पाठवायचा, हे काम इतकी वर्षं केलं की निवृत्त झाल्यावरही हात थांबेना. शेजारच्या गल्लीत एका तेराव्याच्या पंगतीत बसून त्यांनी मयताच्या मुलाला सांगितलं होतं, "वडिलांचं वय एक वर्ष जास्त सांगताय तुम्ही. ते माझ्या मागच्या वर्गात होते." पोरगं जिलबी वाढायची सोडून बघत राहिलं.

बायको शोभाताई नेमकी उलट. प्राथमिक शाळेत शिक्षिका. बोलायला गोड, ऐकायला त्याहून गोड. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, गंध्यांकडे चहाला जावं ते मालक बाहेर गेले असताना.

त्या शोभाताईंना विसरण्याचा आजार जडला. आधी गॅस चालू राहायला लागला. मग भाजी आणायला गेलेल्या बाईंना पुणे रस्त्यावरून कुणीतरी हाताला धरून घरी आणून सोडलं. मग बंगळुरात राहणाऱ्या लेकीचा, अनन्याचा, फोन आला की त्या "कोण बोलतंय?" विचारू लागल्या. एकेक वर्ष मागून पुसलं जात होतं, आणि पुसत पुसत ते शेंडीला येऊन थांबलं.

शेंडी म्हणजे भंडारदऱ्याच्या धरणाकाठचं गाव. शोभाताईंची पहिली नेमणूक तिथल्या शाळेवर झाली होती. नवीन लग्न, नवरा नगरच्या कचेरीत, बायको डोंगरात. शनिवारी अर्धा दिवस भरला की सुमंतराव एसटीने निघायचे, संगमनेर, राजूर करत अंधाराच्या तोंडाला पोचायचे आणि रविवारी परत. अनन्याच्या वेळी शोभाताईंची बदली नगरला झाली, तोवर असा संसार चालला. आता शोभाताईंच्या डोक्यात तेवढाच काळ शिल्लक होता. आणि त्या काळात सुमंतराव रोज घरात नसायचे. म्हणून रोज घरात वावरणारा हा पांढऱ्या केसांचा, चष्मेवाला, प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणारा माणूस कोण, याचं त्यांनी आपलं उत्तर शोधून काढलं. हा शाळा तपासायला आलेला साहेब.

सुमंतराव खोलीत आले की त्या उठून उभ्या राहायच्या. "बसा साहेब. मुलं आत्ताच सुटलीत."

कामाला येणाऱ्या मनकर्णाबाईंनी हे गल्लीभर केलं, आणि गल्ली हसली. लपवण्यात अर्थ नाही, हसलीच. जन्मभर सगळ्यांना तपासत हिंडलेल्या माणसाला शेवटी घरातच ती पदवी मिळाली म्हटल्यावर लोक हसणारच. सुमंतराव रात्री जेवायला बसले की बायको ताटासमोरून उठून उभी राहते, हे कळल्यावर मात्र हसणं हळूहळू बंद झालं.

दिवसातला एक तास तेवढा वेगळा असायचा. अनन्याच्या कॉलेजच्या वेळी घेतलेला जुना कॉम्प्युटर पुढच्या खोलीत होता. सुमंतराव दुपारी त्यावर पत्ते खेळत. तो सुरू झाला की पडद्यावर ते चित्र यायचं, तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. हिरवीगार टेकडी, वर निळं आभाळ, थोडे ढग. जगातल्या कुठल्याशा देशातली टेकडी ती. शोभाताईंनी एका दुपारी ती पाहिली, खुर्ची ओढून बसल्या, आणि मागे उभ्या असलेल्या सुमंतरावांकडे वळून म्हणाल्या, "आलात? आज शनिवार का हो?"

साहेब नाही म्हणाल्या. आलात म्हणाल्या.

सुमंतरावांनी काय करावं? ते म्हणाले, "नाही, आज मंगळवार." शोभाताईंचा चेहरा एकदम बावरला, आणि त्या उठून उभ्या राहिल्या. हा घोटाळा दोन-तीनदा झाला तेव्हा कुठे त्यांना अक्कल आली. मग रोज दुपारी ते चपला घालून अंगणात जायचे, दारातून आत यायचे, आणि बायकोने विचारलं की सांगायचे, "हो, शनिवार." सत्तरी ओलांडल्यावर धडधडीत खोटं बोलायला शिकले. मग तासभर दोघं टेकडीसमोर बसायची. ती वर्गातल्या मुलांचं सांगायची, ते ऐकायचे. दिवसाचे बाकीचे तास ते त्या एका तासाची वाट बघत काढत.

दिवाळीनंतर एका दुपारी कॉम्प्युटर सुरूच होईना. काळा पडदा, वर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, आणि आतून टकटक असा आवाज. शोभाताई काळ्या पडद्यासमोर बसून राहिल्या. मग दारातून आत आलेल्या नवऱ्याला पाहून उठल्या. "या साहेब."

सुमंतरावांनी रविराजला बोलावलं. रविराजचं पुणे रस्त्याला दुरुस्तीचं दुकान. मूळचा पाथर्डीकडचा, आईबाप उसाला जायचे, हा शिकून इथं स्थिरावला. त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला, धूळ फुंकली, कान लावला.

"काका, हार्ड डिस्क गेली. लई जुनी हाय. आतमधलं काय महत्त्वाचं हुतं का?"

"नाही. एक चित्र होतं."

"फोटो का? घरचा?"

"घरचा नाही," सुमंतराव म्हणाले, आणि खर्च किती येईल ते विचारलं.

नवी डिस्क बसवायची ठरली. रविराजने एक कमी वापरलेला डबाही आणला, कारण जुन्याला नवीन विंडोज झेपलं नसतं, आणि ते जुनं विंडोज आता कुणी टाकत नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेनड्राइव्ह लावून तो बसला आणि सुमंतराव त्याच्या शेजारी स्टूल घेऊन. रविराजने पुढे कित्येक दिवस ही हकिकत दुकानात सांगितली. कुठलंही विंडोज टाकताना एक पान येतं, अटी मान्य आहेत का म्हणून. सगळं जग खाली टिचकी मारून पुढं जातं. सुमंतरावांनी त्याचा हात धरला.

"थांब. वाचल्याशिवाय सही करायची नाही."

"काका, सही नाही ती. नुसती खूण हाय."

"खूण म्हणजेच सही."

आणि पडद्यावर बोट ठेवून त्यांनी ते इंग्रजी पान ओळीओळीने वाचलं. मनकर्णाबाईंनी आणलेला चहा गार झाला, दुसरा आला, तोही गार झाला. मग वेळेचं विचारणारं पान आलं. चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली. "नगर नाही का यात?" सुमंतरावांनी विचारलं. रविराजने मान खाली घालून हसू गिळलं. पुढे नाव विचारलं गेलं.

"काय टाकू, काका? तुमचं?"

"तिचं टाक. शोभा."

मग आकडा वर सरकत राहिला, पडदा काळा झाला, उजळला, परत काळा झाला. दर वेळी सुमंतराव स्टुलावरून अर्धे उठत. शेवटी सगळं लागलं आणि पडद्यावर निळ्या साडीच्या चुण्यांसारखं काहीतरी फुललं.

"ती टेकडी कुठाय?"

"कंची टेकडी?" रविराजने विचारलं, आणि मग सुमंतरावांनी त्याला सगळं सांगितलं. कुणापुढे इतकं बोलायची सवय नव्हती. चष्मा पुसत, भिंतीकडे बघत सांगितलं. रविराज म्हणाला, "मग त्यात काय अवघड? ते चित्र नेटवर हाय. आत्ता टाकतो."

त्याला टाकू दिलं असतं तर बरं झालं असतं. पण सुमंतराव होते ते. चष्मा पुसता पुसता त्यांनी मनात एक हिशेब मांडला होता. कुठल्या तरी परक्या टेकडीने बायको तासभर ओळखते. मग खरी टेकडी दाखवली तर? खऱ्या शेंडीची? तास कशाला, दिवसभर ओळखेल. आशा माणसाला किती हावरट करते बघा.

"नको," ते म्हणाले. "खोटी कशाला? खरीच आणतो."

शोभाताईंना मनकर्णाबाईंच्या हवाली करून ते दुसऱ्या दिवशी एसटीत बसले. राजूर सोडलं की रस्ता तोच, बाकी सगळं दुसरं. शेंडीत हॉटेलं, धरणाकाठी तंबू, शहरातल्या पोरांच्या गाड्या. शाळेला नवी इमारत. गावामागची टेकडी त्यांना ओळखू येईना, तेव्हा एका घराच्या ओट्यावर नाचणी निवडत बसलेल्या म्हातारीला त्यांनी विचारलं. साळूबाई नाव तिचं. शाळेत पाणी भरायची पूर्वी.

"शोभाबाईंची टेकडी व्हय?" साळूबाई म्हणाली. "ती काय, तंबू दिसत्यात तीच."

"बाईंची म्हणजे?"

"बाई बसायच्या तिथं. शनवारी. शाळा सुटली की वर जायच्या, अंधार पडस्तोवर. राजूरकडनं येष्टी येती ती तिथनं दिसती ना. त्यांचं मालक यायचं नगरवरनं."

सुमंतराव ओट्याच्या कडेला टेकले.

"यायचं कंदीमंदी," म्हातारी नाचणीतला खडा टाकत म्हणाली. "लई दांड्या मारायचे बगा. येष्टी निघून जायची, आन् बाई तिथंच. मीच हाक मारून खाली आणायची. तुमी कोन त्यांचे?"

"ओळखीचा आहे," सुमंतराव म्हणाले.

दांड्या मारायचे हे खरं होतं. कचेरीतल्या मंडळींचा शनिवारी पत्त्यांचा डाव बसे, आणि एखादा डाव रंगला की गाडी चुके. रविवारी एका दिवसासाठी कुठं जायचं, म्हणून राहून जायचं. पुढच्या खेपेला गेलं की शोभाताई कधी चकार शब्द बोलायच्या नाहीत. सुमंतरावांना इतकी वर्षं वाटत होतं, बाईला डोंगरात करमतं.

ते टेकडीवर चढले. धाप लागली तरी चढले. तंबू चुकवून, वायरी चुकवून, मोबाईल वर धरून फोटो काढला. वरून राजूरचा रस्ता खरंच दिसत होता.

रविराजने फोटो पडद्यावर लावून दिला. पावसाळा सरून गेलेला, टेकडी पिवळट पडलेली, कडेला एका तंबूचं टोक आलंच होतं. शोभाताईंना आणून बसवलं. सुमंतराव चपला घालून अंगणात गेले, दारातून आत आले.

शोभाताई फोटोकडे बघत होत्या. कपाळावर आठी. "हे कुणाचं गाव?"

"शेंडी आहे ही."

"नाही हो साहेब." त्या उठून उभ्या राहिल्या. "शेंडीला मी आहे ना. शेंडी अशी नाही."

ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्या त्याला तिने इतक्या अदबीने दुरुस्त केलं. रविराज वायरी गुंडाळत होता, तो थांबला. मग त्याने कुणाला न विचारता माऊस हातात घेतला, चार टिचक्या मारल्या, आणि पडदा हिरवागार झाला. तीच टेकडी, तेच आभाळ. त्याने हळूच आपली पिशवी उचलली. "येतो, काका," म्हणाला आणि पैशांचं न बोलता गेला.

शोभाताईंचा चेहरा निवला. त्या खाली बसल्या, पदर सारखा केला. सुमंतराव परत अंगणात जायला निघाले, पण दाराआधीच थांबले. ते तिथेच खुर्चीमागे उभे राहिले. कितीतरी वेळ. ती वळेल आणि म्हणेल, आलात. इतके दिवस कोरडे गेले होते, त्यात काय वाहून गेलं असेल, याचा हिशेब त्यांना मांडावासा वाटत नव्हता.

शोभाताई वळल्या. उठल्या मात्र नाहीत.

"बसा ना साहेब," त्यांनी शेजारची खुर्ची दाखवली. "आज शनिवार. आमचे हे यायचेत."

सुमंतराव बसले. मग म्हणाले, "नगरहून?"

"हो. मोजणीच्या कचेरीत आहेत." शोभाताई पुढे झुकल्या आणि शेजारणीशी बोलावं तसं आवाज उतरवून म्हणाल्या, "फार चिकित्सक हो. माझ्या वहीतल्या बेरजासुद्धा तपासतात. पण मनाने वाईट नाहीत. येताना माझ्यासाठी संगमनेरच्या स्टँडवरून केळी आणतात. डागाळलेली असतात निम्मी. मी काही बोलत नाही."

"बोलायचं होतं," सुमंतराव म्हणाले.

"कशाला? एवढ्या लांबून येतात."

बाहेर पुणे रस्त्यावरून गाड्या चालल्या होत्या. शोभाताई टेकडीकडे बघत होत्या, तिच्या पलीकडे कुठे रस्ता लागतो ते त्यांना दिसत असावं. सुमंतरावही तिकडेच बघू लागले.

मग त्यांनी विचारलं, "आणि बाई, नाहीच आले तर?"

"मग साळूबाई हाक मारते," शोभाताई म्हणाल्या. "तुम्ही थांबा साहेब. तुमची त्यांची गाठ पडेल. दोघांचं चांगलं जमेल."