पूर्ण ऐकून घ्यायचं

रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईच्या विभागात, तिला सगळे इस्त्रीबाई म्हणत. काम इस्त्रीचं होतं म्हणून, आणि बाईही तशीच होती म्हणून: कडक, गरम, सुरकुती दिसली की फिरलीच. सव्वीस वर्षं ती रोलरच्या मशीनपुढे उभी होती. ओली चादर एका बाजूनं आत जायची, दुसऱ्या बाजूनं सपाट होऊन बाहेर यायची आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तिच्या हातांत चार घड्या होऊन ढिगावर पडायची. रक्ताचा डाग आधी गार पाण्यातच घालायचा, हे नव्या बायकांना तीच शिकवायची. शिकवायची म्हणजे ओरडायची. पण कुणाच्या घरी आजारपण आलं की पहिला डबा हिच्याच घरून जायचा, त्यामुळे तिच्या तोंडाळपणाकडे सगळे कानाडोळा करत.

मागच्या वर्षी वरच्या ऑफिसच्या डोक्यात आलं, की कर्मचाऱ्यांनी मनानंही वाढलं पाहिजे. कॅन्टीनच्या मागच्या खोलीत तीन बुधवार एक समुपदेशक आल्या. वयानं इस्त्रीबाईच्या निम्म्या, आवाज कापसासारखा. त्यांनी प्रत्येकाला एकेक कागद दिला. वर छापलं होतं, ‘येत्या सहा महिन्यांत मला स्वतःमध्ये काय बदलायचं आहे?’

ट्रॉलीवाल्या मामांनी लगेच लिहिलं, ‘बायकोचा स्वभाव.’

“मामा, स्वतःमध्ये,” समुपदेशक बाई हसून म्हणाल्या.

“मग कागद घरी न्यायला हवा. चुकीच्या माणसाला दिलात.”

खोलीभर हशा पिकला. इस्त्रीबाई मात्र पेन धरून बसली होती. तास संपताना तिच्या कागदावर एकच शब्द होता. ‘ताई.’

ताई तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई दिवसभर कामावर, म्हणून हिचं न्हाणं-माखणं, वेणी-फणी, पाढे, सगळं ताईनं केलेलं. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा घाबरून ही ताईलाच जाऊन बिलगली होती. पुढे ताई लग्न होऊन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेली, आणि आई म्हातारपणी हिच्याकडे राहिली. शेवटची तीन वर्षं आई अंथरुणावर होती. ताई महिन्या-दोन महिन्यांनी यायची, औषधांचं कपाट आवरायची, “आईला इतकं पातळ जेवण का देतेस?” विचारायची, आणि हिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी, भरल्या घरात, ताई आईच्या साड्या घडी करून ठेवत होती. हिनं त्या तिच्या हातांतून हिसकावल्या. म्हणाली, “तू पाहुणी होतीस, पाहुणीसारखीच राहा.”

“अगं, ऐक तरी,” ताई म्हणाली. पण ऐकतंय कोण! ताईनं पिशवी उचलली आणि चालू लागली. त्याला नऊ वर्षं झाली होती. ना फोन, ना निरोप. दोघींचेही नवरे अधूनमधून एकमेकांशी बोलत, पण बायकांपुढे त्या विषयावर दोघंही मिठाची गुळणी धरून असत.

समुपदेशक बाईंनी तो शब्द बराच वेळ पाहिला. “ताई तुम्हाला परत हव्यात,” त्या म्हणाल्या. “ही इच्छा झाली. पण ताईंनी यायचं की नाही, ते ताईंच्या हातात. ठरवायचं ते आपल्या हातातलं असावं. तुमच्या हातात काय आहे?”

“माझ्या हातात? चादरी,” असं म्हणून इस्त्रीबाई उठली. पण तो प्रश्न आठवडाभर तिच्या मागेमागे फिरत राहिला. पुढच्या बुधवारी तिनं ताईचं नाव खोडलं नाही, त्याखाली ओळ लिहिली: ‘समोरचा बोलत असताना पूर्ण ऐकून घ्यायचं. मध्ये बोलायचं नाही.’

“सोपं वाटतंय?”

“सोपं असतं तर लिहिलं कशाला असतं?”

सुरुवात नवऱ्यापासून झाली. तो संध्याकाळी कामावरून आला की साहेबाचं गाऱ्हाणं सुरू करायचा आणि दुसऱ्या वाक्याला ही म्हणायची, “मग तुम्ही का नाही बोललात?” त्या दिवशी ती गप्प राहिली. तो बोलत बोलत शेवटापर्यंत पोचला. पुढे काय म्हणायचं हे त्याला माहीतच नव्हतं, कारण तिथवर तो कधी गेलाच नव्हता.

“अगं, बरं नाही का तुला?” त्यानं काळजीनं विचारलं.

“बरी आहे. बोला की.”

मग तो खाली बघत म्हणाला, “मला आता तिथं कुणी काही विचारत नाही गं.” एवढी वर्षं संसार झाला, पण हे तिनं पहिल्यांदा ऐकलं.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. एका सकाळी नव्या बाईनं ऑपरेशनचे हिरवे कपडे पांढऱ्या चादरींत टाकले आणि इस्त्रीबाईनं तिला सगळ्यांदेखत सोलून काढलं. चहाच्या सुट्टीत ती आपणहून त्या बाईशेजारी जाऊन बसली. “चुकलं माझं. आता सांग, काय झालं?” बाईनं आधी नुसतं डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, चष्मा फुटलाय, पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता येत नाहीत, काम जाईल म्हणून आठ दिवस लपवतेय.

त्या दिवशी बसमध्ये इस्त्रीबाईला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसेना. ‘ऐक तरी,’ ताई म्हणाली होती. काय सांगायचं होतं तिला?

शनिवारी दुपारी दोन बस बदलून ती ताईच्या घरी गेली. जिन्यात दोनदा थांबली, ती दम लागला म्हणून नव्हे. दार भाऊजींनी उघडलं. ते बाजूला झाले. ताई आत मटार सोलत बसली होती. केस पार पांढरे, मान आईसारखी पुढे आलेली.

“कोण मेलं?” ताईनं विचारलं.

“कुणी नाही. त्या दिवशी तू काहीतरी सांगत होतीस. मी ऐकलं नाही. ते ऐकायला आले.”

ताईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती बोलायला लागली. हळूहळू आवाज चढला. “तू मला पाहुणी म्हणालीस. अगं, मी पाहुणीच होते, तेच तर खात होतं मला. कपाट आवरायचे, कारण दुसरं काही करायला तू ठेवलंच नव्हतंस. आईचं डोकं तुझ्या मांडीवर, औषध तुझ्या हातून. मी एकदा म्हटलं, आजची रात्र मी जागते. तू म्हणालीस, तुला जमणार नाही. तुला लहानाची मोठी मी केली, आणि मला जमणार नाही?”

इस्त्रीबाईच्या जिभेवर उत्तरं तयार होती. तीन वर्षांची जाग्रणं, पाठीचं दुखणं, एकेक पुराव्यासकट. तिनं ती गिळली. ताई अर्धा तास बोलली. काही गोष्टी खऱ्या होत्या, काही सरळसरळ अन्यायाच्या.

शेवटी ताई दमून म्हणाली, “झालं. आता जा तू. परत ये म्हणत नाही. येऊ नकोस असंही म्हणत नाही.”

ती बसथांब्यावर एकटीच उभी राहिली. वर गॅलरीत ताई येईल असं वाटत होतं. आली नाही.

तरी दर दुसऱ्या शनिवारी ती जात राहिली. दोघी भाजी निवडत, गुडघ्यांबद्दल बोलत, पाण्याच्या वेळांबद्दल बोलत. जुनी ताई, जिच्या कुशीत शिरता यायचं, ती कुठेच सापडत नव्हती. परतीच्या बसमध्ये इस्त्रीबाईला ती जास्तच आठवायची. समोर बसलेल्या माणसाचीही आठवण येते, हे तिला तेव्हाच कळलं.

सात महिन्यांनी ताईचा आपणहून फोन आला. “गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. ह्यांना काही जमत नाही. रजा मिळेल का तुला?”

अर्ज वाचून मुकादमानं भुवया उंचावल्या. “बहीण? तुला कधीपासून बहीण आहे?”

“जन्मल्यापासून,” ती म्हणाली आणि सही घेऊनच बाहेर पडली.

ती ताईकडे दोन आठवडे राहिली. ताई कण्हायची, हट्ट करायची, आईचं नाव मात्र एकदाही निघालं नाही. निघालं तर ऐकायचं, असं ठरवून ती वाट बघत राहिली. सकाळी वॉकर बाजूला सारून ताई तिच्या खांद्यावर सगळा भार टाकायची आणि दोघी पलंगापासून खिडकीपर्यंत चालायच्या. एका खांद्यावर ताईचा हात, जड, उबदार. जेमतेम बारा पावलांची खोली. तिला रोज वाटायचं, आणखी थोडी लांब असती तर.