सुईण, दाई आणि नर्सबाई

नातवंडांनो, तुमच्यातली धाकटी माद्रिदच्या इस्पितळात कामाला लागली आहे. परवा फोनवर तिने विचारलं, "आजी, इथे बाळंतपण करणारीला तीन शब्द आहेत, मात्रोना, कोमाद्रोना आणि पार्तेरा. मी कुठला वापरू?" मला स्पॅनिश येत नाही. तिनेच मग समजावलं, की मात्रोना कागदोपत्री, कोमाद्रोना बोलण्यात आणि पार्तेरा जुन्या काळची, बिनपदवीची. ते ऐकून मला पनवेल आठवलं. घरात ही हकिकत सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

पन्नासच्या दशकात पनवेललाही तीन शब्द होते. माझ्या सासूबाई सुईण म्हणत. शेजारच्या मुसलमान चाची दाई म्हणत. सरकारी दवाखान्यात नर्सबाई होत्या. काम एकच. पण बायका तीन आहेत, हे माझ्या पहिल्या बाळंतपणापर्यंत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

कळा सुरू झाल्या तेव्हा सासूबाईंनी गड्याला सुईणीकडे पिटाळलं. मी इंग्रजी शिकलेली, म्हणून तुमचे आजोबा कोणाला न विचारता नर्सबाईंना आणायला गेले. माझं ओरडणं ऐकून चाचींनी दाईला बोलावलं. भर दुपारी तिघी एकदमच पडवीत येऊन थडकल्या.

आमच्याकडची रीत अशी, की घरातली वडील बाई जिच्या पायांवर पाणी घालील तिनेच उंबरा ओलांडायचा. बाळंतपण मग तिच्या हातचं. दुसरीने शिवायचंही नाही. सासूबाई तांब्या घेऊन उभ्या राहिल्या, आणि उभ्याच राहिल्या.

"या घरची समदी बालंतपना माज्या हातची हायेत," सुईण म्हणाली. "तुमी कोन?"

"माझ्याकडे सर्टिफिकेट आहे," नर्सबाई म्हणाल्या.

"मंग त्यालाच धाडा आत."

"या अल्ला! पोर आत मरतेय, आणि या दोघी भांडतायत," दाई म्हणाली.

मी आतून ओरडले, "कोणीही या, पण या!"

सासूबाईंनी तिघींना पाय जुळवून उभं केलं आणि एकाच धारेने तिघींच्या पायांवर पाणी घातलं. अशी रीत नव्हती. आता आहे.

मुलीच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. नर्सबाईंनी तो सोडवला, सुईणीने मूल झेललं, दाईने मला मागून धरून ठेवलं होतं. मूल रडेना. दाईने माझा खांदा इतका आवळला, की पुढे कित्येक दिवस तिथे वळ होता. सुईण त्याची पाठ चोळत राहिली. मग एकदाचं रडलं.

"रडली," सुईण म्हणाली. "आता भांडा."

पाचवीला सासूबाईंनी तिघींच्या ओट्या भरल्या. बाळंतपण आपल्याच हातचं, असं तिघीही शेवटपर्यंत गावभर सांगत राहिल्या. कोणी कोणाचं म्हणणं खोडलं नाही.

ती मुलगी म्हणजे तुमची मोठी आत्या. तिघींपैकी आता कोणी नाही. दर दिवाळीला आत्या त्यांच्या तिन्ही घरी फराळ स्वतः नेऊन देते.