चढलेला द्राक्षारस

तानाजीनं प्याला नाकाशी नेला, क्षणभर थांबला आणि परत ट्रेमध्ये ठेवला. आमच्या डायरेक्टरसाहेबांचा चेहरा बघून मला वाटलं, आता बीपीची गोळी आणायला पळावं लागतंय.

सांगलीजवळच्या एका ख्रिस्ती व्यसनमुक्ती केंद्रात मी सिस्टर आहे. सिस्टर म्हणजे नर्स. मठातली नव्हे, मला दोन सुना आहेत. आमच्याकडे माणूस तीन महिने राहतो. सकाळी प्रार्थना, मग बागकाम, मग एकत्र बसून बोलणं, मग परत प्रार्थना. येणारे बहुतेक हिंदू. धर्म बदला असं इथं कुणी कुणाला सांगत नाही, दारू सोडा एवढंच सांगताना आमचा घसा बसतो.

महिन्यातून एका रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि अंगठ्याएवढ्या प्याल्यात द्राक्षारस. खरं तर ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. पण साहेबांचं मन मोठं, पाहुणे आले की जरा जास्तच मोठं. "ज्याला हवं त्यानं घ्यावं," म्हणतात. आणि प्रसाद म्हटलं की आपला माणूस हात पुढं करतोच. नको कोण म्हणणार?

तानाजी म्हणाला. तोही त्या दिवशी आलेल्या पाहुण्यांसमोर, पहिल्या रांगेत, पहिल्या खुर्चीवरून.

हा तानाजी विट्याकडचा. कोइमतूरला थोरल्या भावाच्या गलाईच्या दुकानात होता, म्हणजे सोनं वितळवून, अॅसिडात घालून शुद्ध करायचं काम. चौदा वर्षं प्यायला. शेवटी भावानं हाकललं. सांगितलं, "केंद्राचं पत्र आण, तरच दुकानात पाय ठेव." त्या रविवारी त्याचे तीन महिने भरले होते. बायको मंगल त्याला न्यायला आलेली, मागच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. पत्रावर फक्त साहेबांची सही राहिली होती.

"काय झालं?" साहेबांनी माईकवर हात ठेवून विचारलं. हात ठेवला तरी सगळ्यांना ऐकू गेलं, ती गोष्ट वेगळी.

"नगं साहेब."

"अरे, प्रभूचा प्याला आहे हा!"

"व्हय. पन नगं."

साहेब पाहुण्यांकडं बघून गोड हसले आणि दात न उघडता मला म्हणाले, "सिस्टर, याचं मन अजून तयार नाही. पत्र राहू दे. अजून दोन महिने ठेवा याला."

मंगलनं हे ऐकलं. बिचारीच्या तोंडचं पाणीच पळालं. मला तर तानाजीचा असा राग आला! तरातरा गेले त्याच्याजवळ. "काय रे बाबा, आजचाच मुहूर्त सापडला तुला?"

तो माझ्या कानाशी वाकला. "आवं सिस्टर, ह्यो रस चढलाय, दारू झालीया. बाकीच्यांस्नी दिऊ नगा."

तोवर ट्रे दुसऱ्या खुर्चीसमोर गेलेला आणि त्या गड्याचा हात पुढं आलेला. मी ट्रेच ओढून घेतला. लोकांना वाटतं, घोटभरानं काय होतंय? आमच्या माणसाला घोटभरच पुरतो. दोन-तीन महिने कशीबशी झोपवलेली तलफ एका घोटात उठून बसते. आणि तिथं बावीस जण रांगेत होते.

"सिस्टर, हा काय तमाशा?" साहेब आता माईकवरच बोलले. "अॅसिडच्या धुरात नाक गेलेला माणूस तो! त्याचं काय ऐकताय? शुद्ध रस आहे. रिवाजाप्रमाणे आधी मी घेतलाय, आत्ताच."

"घेतलाय ना? मग फारच छान," म्हटलं आणि खिशातून मशीन काढलं. हे आमचं फुंकायचं मशीन. रजेवरून आलेल्या माणसाला आम्ही गेटवरच फुंकायला लावतो. तोंडात दारूचा ताजा थेंब असला तरी ते ओरडतं, पाव तासानं गप्प बसतं. "फुंका, साहेब."

"मी?"

"गेटवर तुम्हीच पाटी लावलीय, नियम सगळ्यांना सारखा."

पाहुणे बघत होते, नाहीतर त्यांनी फुंकलं नसतं. फुंकलं. मशीन असं केकाटलं की शेवटच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "साहेबांस्नी आता तीन म्हैनं ठिवा!" हॉल हसून लोटपोट. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू?

मग स्वयंपाकघरात चौकशी. आमच्या मार्थाबाई दरवेळी शनिवारी मनुका भिजवून, कुस्करून, गाळून रस फ्रिजमध्ये ठेवतात. या खेपेला पाहुण्यांचा स्वयंपाक म्हणून रस बुधवारीच केलेला. "आन् फ्रिजमधली बरणी बाहेर काढा, पाहुण्यांचं श्रीखंड ठेवायचंय, असं कोन म्हनलं?" मार्थाबाईंनी साहेबांकडं बघून विचारलं. साहेब छताकडं बघत होते. मे महिना, पत्र्याची खोली, गोड रस आणि चार दिवस. दारू व्हायला आणखी काय लागतं?

मंगल दारात उभी होती. तिचं त्या बरणीकडं लक्षच नव्हतं.

"म्हंजी त्यात खरंच दारू हुती?"

"होती."

"आन् ह्यास्नी कळलं हुतं?"

"वासावरनंच."

"आन् तरीबी म्हागं ठिवली?" तिनं हे तीनदा विचारलं. मग पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली. "चौदा वर्सांत ह्येंनी भरल्याला गिलास म्हागं ठिवलाय, आसं म्या कवाच बघितलं न्हाई वं." तानाजी खाली मान घालून चपलेचा अंगठा चाचपत राहिला. माझेही डोळे भरून आले.

ऑफिसात येऊन साहेबांनी पत्र पुढं ओढलं. "शेऱ्यात काय लिहू?"

"जे घडलं ते लिहा. प्रभुभोजनाचा प्याला नाकारला."

लिहिलं आणि सही केली. चौथ्या दिवशी कोइमतूरहून भावाचा फोन. "सिस्टर, हे कौतुक हाय का तक्रार?" सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आजपासनं भट्टीवर बसवतो त्याला, सोन्यापाशी."

केंद्रात आता नवा फ्रिज आलाय. दारावर साहेबांच्या अक्षरात चिठ्ठी आहे: "श्रीखंड ठेवू नये."