धाकटीच्या चालण्याचा व्हिडिओ

मुलगा जर्मनीत, त्याची आई नांदेडात आणि आम्ही लातुरात. माझ्या धाकट्या मुलीचा फोटो त्यांच्याकडे गेला होता आणि पसंत पडला होता. मग निरोप आला की मुलगा सुट्टीवर थोडेच दिवस येतो, त्याला दहा घरं हिंडायला वेळ नाही, तेव्हा मुलीचा व्हिडिओ काढून ई-मेलनं पाठवा. त्याला पटलं की आम्ही येतो. निरोप आणला माझ्या मोठ्या नणंदेनं. तिला सगळे अक्का म्हणतात. ती नांदेडचीच, स्थळही तिनंच आणलेलं. निरोप फोनवर सांगता आला असता, पण ती पिशवी भरून राहायलाच आली.

भूकंपात औसा तालुक्यातलं आमचं घर पडलं. दगडमातीचं घर, भिंती हातभर रुंद. धाकटी तेव्हा गावच्या शाळेत जात होती. भिंतीचा दगड तिच्या डाव्या मांडीवर आला. हाड जुळलं, पण आखूड जुळलं. पुढं आम्ही लातूरला आलो. तिथं शिकवण्यांचा बाजार वाढत चालला होता. अहमदपूर, जळकोट, पार इस्लापूरहून पोरं डॉक्टर व्हायला यायची आणि त्या पोरांना दोन वेळा जेवायला लागायचं. मी चौथी शिकलेली बाई, दुसरं काय करणार? मेस घातली. धाकटी मोठी झाल्यावर क्लासवाल्यांच्या नोट्स टाइप करायला लागली, म्हणून घरात कॉम्प्युटर आला. यात रडण्यासारखं काही नाही. तेव्हाही रडायला वेळ नव्हता.

ती चालते तेव्हा दर पावलाला डावा खांदा खाली जातो आणि पाय थोडा बाहेरून फिरून पुढं येतो. लांबूनही कळतं. अक्का मात्र प्रत्येक स्थळाला सांगायची, "पायात किंचित दोष हाय." किंचित या शब्दात किती बसतं हे ऐकणारा आपल्या सोयीनं ठरवतो. उदगीरच्या लोकांनी ते ऐकूनच येण्याचं ठरवलं होतं, आणि धाकटी आतल्या दारातून बाहेरच्या खोलीत आली तेवढ्यात त्यांना बसची वेळ आठवली. असं तीनदा झालं. म्हणून या वेळी धाकटीनंच सांगितलं, "व्हिडिओत मी आधी चालून दाखवणार. ते बघून त्यानं हो म्हणावं, न्हाईतर न्हाई म्हणावं. येऊन बघून उठून जायचं आता बस झालं."

अक्का म्हणाली, "बसूनच काढ की गं. तो कॅमेरा बी बसल्या माणसासाठीच केलाय."

त्यात खोटं काही नव्हतं. वेबकॅम म्हणजे लिंबाएवढा गोळा, कॉम्प्युटरच्या डोक्यावर बसवलेला. त्याला खुर्चीतल्या माणसाचं तोंड दिसायचं आणि मागचं कॅलेंडर. पाय म्हणून काही असतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. खाली काढून ठेवावा तर वायर आखूड. शेवटी आम्ही टेबलासकट कॉम्प्युटर ओढत बाहेरच्या खोलीत आणला, मेसचं मोठं पातेलं जमिनीवर पालथं घातलं आणि त्यावर तो गोळा ठेवला. आता पाय दिसायला लागले, पण डोकं गेलं. मग पातेल्याखाली पाट. मग आणखी एक पाट.

पहिल्या खेपेला सगळं नीट चाललं होतं, तर जळकोटचा एक पोरगा डबा घ्यायला थेट आत आला. "काकू, आज बी वांगंच का?" हे त्यात आलं. दुसऱ्या खेपेला लाइट गेली. भारनियमनाची वेळ नव्हती, तरी गेली. कॉम्प्युटरखाली बॅटरीचा खोका होता, तो नावालाच होता. झालेलं सगळं गेलं. तिसऱ्या खेपेला धाकटी चालत असताना अक्का पडद्याआडून कुजबुजली, "पदर घे, पदर घे," आणि ते जर्मनीपर्यंत ऐकू जाईल इतकं स्पष्ट आलं. धाकटीनं पंजाबी ड्रेस घातला होता. पदर कुठला घेणार?

चौथा व्हिडिओ चांगला निघाला. आधी ती खुर्चीत बसून नाव, शिक्षण सांगते. मग टाइप करते. मग तिथंच परात घेऊन भाकरी थापते. हे अक्काच्या हट्टानं. मग दारापर्यंत चालत जाते आणि परत येते. मी पडद्यावर पाहिलं. चालणं जसं आहे तसं आलं होतं. मला वाटलं, सुटलो. पोळ्या लाटायच्या राहिल्या होत्या, म्हणून मी उठले.

आत हाक आली. "माय, हे जात न्हाई."

"का?"

"लई मोठं हाय. मेलमध्ये एवढं बसत न्हाई. दाबून लहान करावं लागतंय."

आमचे हे जिनिंगवर मुनीम होते. ते लगेच म्हणाले, "म्हणजे कापसाची गठाण दाबतात तसं?"

धाकटीनं आधी तसंच काहीतरी केलं. झिप म्हणतात त्याला. दाबलं, मोजलं, तर होतं तेवढंच. मग एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून तिनं दुसरं सॉफ्टवेअर घातलं. ते चालू झालं आणि दुपारची पंगत उठली तरी चालूच होतं. कॉम्प्युटरला हात लावला तर तव्यासारखा तापलेला. त्या दिवशी माझं वरण करपलं आणि पोरांनी तोंडं वाकडी करून खाल्लं.

एकदाचं ते लहान झालं. आम्ही सगळे बघायला बसलो. बोलणं ठीक होतं. पिठाचा गोळा दिसला आणि एकदम तयार भाकरी दिसली, मधली थापणी गायब. मग ती उठली आणि चालायला लागली, आणि मी पुढं सरकून बसले.

तिचं लंगडणं नव्हतं.

एका जागी उभी दिसे, मग पुढच्या जागी उभी दिसे. मधलं काही नाही. ढांगेढांगेनं कुणी उचलून ठेवावं तशी दारापर्यंत गेली आणि आली. माणूस लंगडतो तो पाय उचलल्यापासून टेकेपर्यंत. टेकल्यावर सगळे सारखेच. नेमकं मधलं तेवढं त्या मशीननं खाल्लं होतं.

"गठाण फोडली की कापूस परत फुगतो," हे म्हणाले. "ह्यो फुगत न्हाई का?"

"न्हाई, बाबा. हे दाबताना थोडा कापूस फेकूनच देतंय."

अक्कानं हात जोडले. "शिवा, शिवा! वैनी, देवानंच केलं बघा. कुठं लंगडते पोरगी? पाठवा असंच."

"अक्का, तिला सासरी चालावं लागंल. तवा काय कॉम्प्युटर पुढं धरून चालंल?"

"लग्न झाल्यावर कळलं तर कळलं. तवर पोरगी गुणानं जीव लावती."

हे मान खाली घालून म्हणाले, "आपण कुठं खोटं बोललो? यंत्रानं केलं."

मला यांचा राग आला, पण यांच्यापेक्षा त्या खोक्याचा जास्त आला. माणूस खोटं बोलला तर त्याला दोन शब्द सुनावता येतात. याला काय सुनावणार? मी तरी सुनावलं. अक्का हसायला लागली. "वैनी, त्येला मराठी येत न्हाई."

धाकटी पुन्हा दाबायला बसली. या वेळी पावलं सगळी ठेवली, तर चित्र एवढं बारीक झालं की ती मुंगी चालल्यासारखी दिसायला लागली. मग चित्र मोठं ठेवलं, तर तिच्या अंगाचे चौकोन झाले, चुलीतल्या निखाऱ्यासारखे थरथरणारे. पाय कुठला आणि ओढणी कुठली, कळेना. सीडी करून नांदेडला पाठवावी, असं मी म्हटलं, तर ती आधी त्याच्या आईच्या हातात पडणार आणि तो काय बघणार ते आई ठरवणार. धाकटीला ते नको होतं. "त्येनं सोता बघावं, माय."

दोन दिवस असेच गेले. नोट्स पडून राहिल्या, क्लासवाल्याचे फोन आले. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. मी म्हटलं, "मरू दे. लिहून कळव, पाय लंगडा हाय म्हणून."

"लिहून किंचितच होतंय ते, माय. अक्कानं बी सांगितलंच की."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी निवडत होते, तर ती एकाएकी म्हणाली, "हे सगळं कशाला ठेवून राहिले मी?" आणि तिनं कापायला सुरुवात केली. नाव, शिक्षण काढलं; ते त्यांना माहीत होतं. टाइप करणं काढलं. भाकरी काढली. खुर्चीत बसलेलं तोंड काढलं. फोटो गेलेलाच होता. राहिलं ते दारापर्यंत जाणं आणि येणं. तेवढंच दाबलं. थोडंच असल्यामुळं मशीनला फार फेकावं लागलं नाही. आम्ही पाहिलं. खांदा खाली जात होता. पाय बाहेरून फिरून येत होता. एकेक पाऊल पुरतं.

"पाठवते," ती म्हणाली आणि पाठवलं.

अक्का भांडी घासायच्या मोरीवर होती. तिला कळलं तशी ओल्या हातानं आत आली. "लगीन जमवायला पोरगी दाखवतात गं! तू नुसता दोष पाठवलास? भाकरी बी काढलीस? आता नांदेडात कोणतं तोंड दाखवू मी?"

"माझं तोंड बी काढलंय की," धाकटी म्हणाली. "तुमचं बी ऱ्हाऊ द्या."

अक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण जेवायची थांबली नाही. मेल येईना. मी धरून चालले की गेलं स्थळ. गेलं तर गेलं, बस पकडायचं नाटक तरी बघावं लागलं नाही, असं मी यांना म्हटलं. हे म्हणाले, "तू जरा गप ऱ्हा." यांच्या तोंडून असं क्वचित येतं. यांनाही लागलं होतं.

मग मेल आला. धाकटीनं वाचून दाखवला. नमस्कार वगैरे काही नव्हतं. त्यानं लिहिलं होतं: "व्हिडिओ तीन-चार वेळा पाहिला. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. तुम्हाला जिने चढता येतात का?"

अक्का टुणकन उठली. "म्हणजे जमलं! पाठवा, जिन्याचा व्हिडिओ पाठवा! शेजाऱ्याच्या गच्चीला जिना हाय!"

मी तिथल्या तिथं सांगितलं की आता या घरात पुन्हा पातेलं पालथं पडणार नाही. मला पोरांना जेवायला घालायचं असतं. धाकटीचं तोवर टाइप करून झालं होतं. मी विचारलं, काय लिहिलंस? तिनं वाचलं: "येतात. कठडा धरून, एकेक पायरी, वेळ लागतो. व्हिडिओ पाठवणार नाही. बघायचं तर येऊन बघा."

"असं लिहितात का मुलाकडच्यांना?" अक्का म्हणाली.

"पाठव," मी म्हटलं.

तो थंडीत आला. पुढं लग्न झालं ते चार घरांत होतं तसंच झालं. तिसऱ्या मजल्यावरचं घर त्यानं काही बदललं नाही. तिथून कचेरी जवळ पडते म्हणे. ती चढते.