धुऱ्यावरचं दूध

छप्पन साली अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या गावात सरकारी दुधाचं पीठ आलं. ते कालवायचं काम धुरपताबाईला मिळालं, कारण गावात सगळ्यात मोठा गंज, म्हणजे पातेलं, तिचा होता. शाळेत रोज चाळीस पोरं दूध प्यायली पाहिजेत, नाहीतर दूध केंद्र बंद, असा नियम. पोरांनी आधी नाकं मुरडली. धुरपताबाईने गूळ घातला, नाकं सरळ झाली.

मग वेगळा विदर्भ की मुंबईचं राज्य, यावरून दोन टोल्यांचं, म्हणजे वस्त्यांचं, गाव फाटलं. खालच्या टोल्याचे केशोराव विदर्भाचे, वरच्या टोल्याचे ईश्वरदास मुंबईचे. मुंबई दोघांनीही पाहिली नव्हती. शाळा खालच्या टोल्यात, म्हणून वरची पोरं यायची थांबली. गंजाभोवती उरली बावीस, आणि साहेब तपासणीला येणार होता.

धुरपताबाईने दोन टोल्यांत दोन चुली मांडल्या. खालचे म्हणाले, वरच्यांचं दूध दाट. वरचे म्हणाले, आमच्यात गूळ कमी. ईश्वरदासांनी देखरेखीला एक माणूस बसवला, तो चाखून बघता बघता तीन पेले प्यायला. केशोराव तर पोरांकडून आधी घोषणा म्हणवून घ्यायचे, मग पेला. तिसऱ्या दिवशी तिने दोन्ही चुली विझवल्या.

तेवढ्यात भातलावणीचा रोवणा लागला. रोवण्याच्या पाळ्या उन्हाळ्यातच ठरलेल्या असतात. आज यांचं खाचर, म्हणजे बांधी, उद्या त्यांची, आणि दोन्ही टोल्यांच्या बाया एकाच ओळीत वाकलेल्या. पऱ्हे, भाताची रोपं, कोणाच्या भांडणासाठी थांबत नाहीत. आयांमागे पोरंही शेतावर जात. धुरपताबाईने गंज बैलबंडीत घातला आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली चूल मांडली.

केशोरावांनी गड्याला पाठवलं, आपली पोरं उठवून आण म्हणून. त्यांची बायको देवकाबाई चिखलातून मानही वर न करता म्हणाली, "त्यायले सांगजो, आधी रोवाले या. मंग पोट्टे उठवू."

केशोराव आले नाहीत.

साहेब आला तो रिकाम्या शाळेत. केंद्र बंद, असं लिहायला त्याने पेन काढलं, तोवर धुरपताबाई धापा टाकत पोचली. "साहेब, बंद नाही. गंज शेतावर हाय. चाला."

धुऱ्यावरून जाताना साहेबाचा एक बूट चिखलात गेला. दुसरा त्याने स्वतःच काढला. पोरं मोजली, एक्कावन्न भरली. पण कागदावर दोन्ही टोल्यांच्या एकेका जाणत्याची सही हवी होती, आणि केशोराव आणि ईश्वरदास एका कागदावर सही करतील हे शक्य नव्हतं. ओळीतून देवकाबाई आणि ईश्वरदासांची बायको सुमित्राबाई वर आल्या.

"सही नाही येत मले," सुमित्राबाई म्हणाली. "अंगठा चालते का?"

साहेब म्हणाला, चालतो, पण शाईची डबी शाळेत राहिली.

"शाई कायले पायजे?" देवकाबाईने चिखलाने भरलेला अंगठा टेकवला. शेजारी सुमित्राबाईने टेकवला. दोन काळे, ओले ठसे उमटले.

धुरपताबाईने साहेबाच्या हातात पेला दिला. तो पिऊन झाल्यावर त्याने केंद्राच्या जागेसमोर लिहिलेलं 'शाळा' खोडलं आणि विचारलं, "उद्या कोणाची बांधी?"

"माह्यी," सुमित्राबाई म्हणाली. "अन् बूट घालून येऊ नका."