रिव्हर्सची ट्रायल

आमच्या घरच्या गोऱ्ह्याने माझ्या पायावर पाय दिला आणि मी सव्वा वर्ष खाटेवर बसलो. वीस वर्षं पन्नास सीटची बस चालवलेल्या माणसाला कोणी विचारलं, अपघात कसा झाला, तर त्याने काय सांगावं? सुरुवातीला मी नुसतं "घाटात" म्हणत असे. मग एकदा भेटायला आलेल्या पाहुण्याला बायकोने सरळ गोठ्यात नेऊन तो घाट दाखवला. पुढे आठ दिवस आमचा सगळा बंजारा तांडा हसत होता.

मी वणीच्या एका मालकाकडे ड्रायव्हर. त्याच्या बस लग्नाला, सहलीला, देवदर्शनाला भाड्याने जातात. आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, म्हणजे हा धंदा तसा पिढीजात. त्यांना लायसन लागत नव्हतं एवढाच फरक. लागलं असतं तर सगळे बैल तांड्यातच बसून राहिले असते.

खाटेवर पडल्या पडल्या मला सगळ्यात जास्त आठवायचा तो ड्रायव्हरचा मान. आमच्याकडे लग्नाच्या बसचा ड्रायव्हर म्हणजे अर्धा व्याही. वऱ्हाड परत निघताना नवरीकडच्यांनी त्याच्या खांद्यावर दुपट्टा टाकायचा, हातात नारळ द्यायचा, आणि तोवर त्याने चावी फिरवायची नाही, असा रिवाज. नवरदेव रुसला तर समजूत काढायला मामा असतो. ड्रायव्हर रुसला तर सगळं वऱ्हाड उन्हात. मी दोनदा रुसलो आहे. एकदा दुपट्ट्याच्या जागी हातरुमाल दिला म्हणून, आणि एकदा मला शेवटच्या पंगतीला बसवलं म्हणून. आता त्याची लाज वाटते, पण थोडीच.

ढाब्यावर तर विचारूच नका. बस थांबवली की ड्रायव्हरचं ताट फुकट, हा न लिहिलेला कायदा. प्रवासी बाहेर पातळ वरण भुरकायचे आणि आम्ही पडद्यामागे बसून लाल तर्रीचा रस्सा ओरपायचो. आता मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलांत पडदा गेला आणि कूपन आलं. जेवण वाईट नसतं, पण आपल्याच प्रवाशांच्या मागे ताट धरून रांगेत उभं राहायचं माझ्या अजून जिवावर येतं.

लायसनचंही तसंच. मी हेवी काढलं तेव्हा आठवी पासचा दाखला लागायचा. आठवीत मी दोनदा बसलो होतो, आणि शाळेने मला पुढे ढकललं ते बाकं कमी पडत होती म्हणून. पण दाखला तो दाखला. तांड्यात मी त्या एका कागदावर शिकलेला माणूस म्हणून मिरवायचो. मग सरकारने ती अटच काढून टाकली आणि माझं शिक्षण एका दिवसात वाया गेलं. बिल्लाही तेव्हा पितळी होता. माझी आई, आमच्या बोलीत याडी, तो चिंचेने घासून असा लखलखीत करायची की समोरच्याचे डोळे दिपावेत. खाकी शर्टाच्या खिशावर बिल्ला लावून मी निघालो की पोलीससुद्धा आधी नमस्कार करायचे, निदान मला तसं वाटायचं. आता सगळं कार्डावर आणि मोबाइलमध्ये. मोबाइल छातीला टाचून कसं मिरवणार?

एक गोष्ट मात्र सरकारने आमच्या सोयीची केली. आधी हेवी लायसन दर तीन वर्षांनी नवं करून घ्यावं लागे, ते पाच वर्षांवर नेलं. मला नेमकी तीच सोय नडली. तीन वर्षांची तारीख डोक्यात पक्की असायची. पाच वर्षांत माणूस बायकोचा वाढदिवस विसरतो, तिथे लायसनचं काय! पाय बरा झाला, मी पेटी उघडून कार्ड काढलं, आणि बघतो तर मुदत संपून वर्षाच्या वर दिवस गेलेले. वर्षाच्या आत गेलं तर डॉक्टरचा दाखला आणि अर्ज यावर भागतं. वर्ष उलटलं की ट्रायल पुन्हा द्यायची, अगदी नव्या पोरांसारखी.

मालकाने त्याच महिन्यात नवी बस बुक केली होती. मऊ सीट, थंडगार केबिन, मागे कॅमेरा. मी लंगडत त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने चहा पाजला आणि सांगितलं, "लग्नसराई लागाच्या आत लायसन आण, नवी गाडी तुयी. नाई तं मले दुसरा ड्रायव्हर बसवा लागन. मंग मले दोष देऊ नको."

त्याचं चूक नव्हतं. पण वीस वर्षं ज्या सीटवर बसलो तिथे दुसरं कोणी बसणार, या विचाराने मला दोन दिवस भाकर गोड लागली नाही.

ट्रायलसाठी आम्ही जुनी बस यवतमाळच्या आरटीओत नेली. माझ्याकडे लायसन नाही, म्हणून बस मालकाच्या दुसऱ्या ड्रायव्हरने चालवली आणि मी मागे प्रवासी होऊन बसलो. तो गिअर बदलायचा तेव्हा माझा पाय इकडे आपोआप दाबला जायचा. शेजारी आमचा क्लीनर होता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, अंगाने काडी, आवाज मात्र लाउडस्पीकर. पहिल्या दिवसापासून तो माझ्याच गाडीवर. मोठा असूनही मला वस्ताद म्हणतो आणि "तुमी" म्हणतो. वाटेत कळंबला थांबून आम्ही पायऱ्या उतरून चिंतामणीला हात जोडले. क्लीनरने माझ्यापेक्षा जास्त वेळ जोडले.

ट्रायल घ्यायला मॅडम होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. मी मनात म्हटलं, हिला आता गाडी कशी चालवतात ते दाखवतो. आणि दाखवलंच. वळणं, चढ, थांबणं, पुन्हा उचलणं, सगळं लोण्यासारखं. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "आता त्या दोन खांबांच्या मधे रिव्हर्स घ्या."

मी रिव्हर्स गिअर टाकला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आणि थांबलो.

"घ्या ना," मॅडम म्हणाल्या.

मी थांबलेलाच.

"काका, काय झालं?"

"थाप नाई आली, मॅडम."

"कसली थाप?"

आता हे त्यांना कसं समजावणार? आमच्या धंद्यात बस मागे घेणं हे ड्रायव्हरचं एकट्याचं काम कधीच नव्हतं. क्लीनरने मागे उभं राहून पत्र्यावर हात मारायचा. थापांमागून थापा पडत राहिल्या की येऊ द्यायचं, एकच जोराची पडली की थांबायचं. मी वीस वर्षं बस मागे घेतली ती कानाने. शेतातल्या पांदीतून, बाजाराच्या गल्लीतून, देवळाच्या अंगणातून, सगळीकडून. आणि आता त्या कोऱ्या मैदानात माझ्या मागे कोणीच नव्हतं.

कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या क्लीनरला राहवेना. त्याने तिथूनच हाळी दिली, "आन दे, आन दे, आन दे!"

"बाहेरच्यांनी बोलायचं नाही!" मॅडम ओरडल्या.

मग मी अंदाजाने घेतली. मागून कट्ट आवाज आला आणि डावीकडचा खांब आडवा झाला. मॅडम रागावल्या नाहीत, उलट हसू दाबत म्हणाल्या, "आरसे कशाला दिलेत काका? सात दिवसांनी या." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतताना कळंब मागे पडल्यावर क्लीनर हळूच म्हणाला, "थो खांबच चुकीच्या जागी गाडला होता, वस्ताद."

दुसऱ्या दिवसापासून वणीच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या मोकळ्या मैदानात माझी शाळा भरली. मालकाने जुनी बस दिली. बायकोने तेलाचे रिकामे पिपे आणले आणि खांब म्हणून मांडले. मी आरसे नीट पाहिले तर काय, डाव्या आरशावर लिंबू-मिरची आणि काळा गोंडा, त्याने अर्धा आरसा झाकलेला. उजवा असा वळलेला की त्यात फक्त मी दिसावा. बायको पायरीवर चढून आत डोकावली आणि म्हणाली, "काहून हो, मांगचं पाहता का मिशा पाहता?" तिने लिंबू-मिरची सोडून पुढच्या बंपरला बांधली आणि आरसा ओल्या फडक्याने पुसला.

खरी अडचण क्लीनरची होती. तो माझ्याबरोबर आत बसायचा आणि शपथ घ्यायचा की थाप मारणार नाही. पण गाडी मागे सरकली की त्याचा हात समोरच्या सीटवर धबाधब पडायचा. दुसऱ्या दिवशी तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला, तर तोंडाने "आन दे" सुरू. शेवटी बायकोने त्याला चहाला पिटाळलं. "भाऊजी, दोन कप पेजा, घाई नोका करू," असं बजावून. मी पहिल्या दिवशी नऊ पिपे चेपले, मग पाच, मग दोन. सहाव्या दिवशी एकही नाही. बायकोने टाळ्या वाजवल्या आणि मला लहान पोरासारखा आनंद झाला. पन्नाशीला आलेला माणूस आरसा बघायला शिकला!

दुसऱ्या ट्रायलला मी एकदाही डोकं बाहेर काढलं नाही. उजवा आरसा, डावा आरसा, पुन्हा उजवा. बस दोन्ही खांबांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "आता आलं की काका," मॅडम म्हणाल्या. कुंपणाबाहेर क्लीनर दोन्ही हात काखेत घट्ट धरून उभा होता, आणि मी पास झालो हे कळल्यावर त्याने ते काढून आधी बसच्या पत्र्यावर मनसोक्त थापा मारून घेतल्या. कार्ड घरी आलं. मालकाने शब्द पाळला. नव्या बसची पूजा झाली, चाकाखाली लिंबू फुटलं, आणि मी त्या थंडगार केबिनमध्ये बसलो तेव्हा मला गगन ठेंगणं झालं होतं.

नव्या बसची पहिलीच फेरी मुकुटबनला, लग्नाची. मांडव गल्लीच्या आत. आत बस वळवायला जागा नाही, म्हणून रस्त्यापासून मागेच घेत जायचं. डावीकडे घराची भिंत, तिच्या पायाशी उघडी नाली. कॅमेरा होता, पण नवरदेवाच्या मित्रांनी बस सजवताना झेंडूची माळ नेमकी त्याच्यावरच सोडलेली. पडद्यावर सगळं केशरी. मी म्हटलं, काही हरकत नाही, आता आपल्याला आरसा येतो. मागून ओळखीच्या थापा सुरू झाल्या, "आन दे, आन दे," आणि मी नव्या सवयीने डाव्या आरशात पाहिलं.

आरशात क्लीनर होता. वीस वर्षांत मी त्याला बस मागे घेताना कधी पाहिलंच नव्हतं, फक्त ऐकलं होतं. तो बसचा मागचा कोपरा आणि भिंत यांच्या मधे उभा होता. एक पाय नालीच्या काठावर, पाठ भिंतीला. एक हात पत्र्यावर आणि दुसरा मागे, भिंत चाचपत. बस सरकेल तसा तोही खेकड्यासारखा आडवा सरकत होता, पाय कुठे पडतो ते न पाहता. त्याच्या छातीत आणि माझ्या बसमध्ये वीतभर जागा होती.

मी ब्रेक दाबला.

"काय झालं वस्ताद?" तो ओरडला. "अजून मोप जागा आहे!"

मी उतरलो, मागे गेलो, आणि त्याला बाजूला करून स्वतः त्या फटीत उभा राहिलो. पत्रा माझ्या पोटाला लागला. मला एक गोष्ट ठाऊक होती जी मॅडमना, मालकाला, बायकोलाही ठाऊक नव्हती. थांबायची थाप आली तरी मी मुद्दाम हातभर जास्त घ्यायचो. दरवेळी. माझा हात किती साफ आहे ते लोकांना दाखवायला. वर थाप लवकर मारली म्हणून त्यालाच घाबरट म्हणायचो.

"तू रोज असा उभा राह्यते?" मी विचारलं.

"मंग कुठी राहू? मांगचा कोपरा इथूनच दिसते."

"आन म्या हातभर जास्त घेतली तं?"

"घेताच ना तुमी," तो हसत म्हणाला. "म्हणून तं मी हातभर आधीच थाप मारतो."

जी मी माझ्या हाताची सफाई समजत होतो, ती सगळी त्याची होती. मी केबिनमध्ये गेलो, इंजिन बंद केलं आणि वऱ्हाडाला सांगितलं, बस इथून मागे जाणार नाही. नवरदेवाचा मामा चिडला, बाया कुरकुरल्या, पण शेवटी सगळे उतरले आणि मांडवापर्यंत पायी गेले.